छतावरची पायवाट

१

सध्या माझं डोकं ठिकाणावर आहे, म्हणजे तापलेलं आहे. मध्ये काही दिवस ते थंड झालं होतं, त्या घरातून बाहेर आल्यावर परत तापलं, म्हणून आता घाईनं सांगून टाकतेय. ऐकताना कुणी 'असं कसं होईल हो' म्हणू नका. असं कसं होईल, हे मीच स्वतःला इतक्यांदा विचारलंय की त्या प्रश्नाचीच मला शिसारी आलीय.

माझे मिस्टर किशोर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर. उमेदीची सगळी वर्षं टर्बाइनच्या घरघरीत गेलेला माणूस, त्यामुळं 'मीठ दे' हेसुद्धा तीन घरं पलीकडं ऐकू जाईल असं सांगणार. आणि मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. कॉलनीत आमची भांडणं प्रसिद्ध होती. नळ घट्ट बंद केला नाही यावरून, पेपरची घडी मोडली यावरून, भाजीत कूट जास्त झालं यावरून. आमचा मयूर लहान असताना एकदा शाळेच्या निबंधात लिहून आला होता, 'माझे आईबाबा रोज संध्याकाळी भांडतात व नंतर चहा पितात.' बाईंनी लाल शाईनं 'छान' लिहिलं होतं.

पण एक नियम आम्हीही मोडला नाही. तो सगळ्या कॉलनीचाच होता. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस झोपला की त्या घरात आवाज करायचा नाही. कुकर लावायचा नाही, पोरांना खाली पिटाळायचं, रेडिओ बंद, दाराला ओढणी बांधायची म्हणजे वाऱ्यानं आपटायला नको. माझ्यासारखीच्या अगदी ओठावर भांडण आलेलं असलं तरी ते गिळून ठेवायचं. ते उठले, तोंड धुतलं, की मग ताटात वाढायचं, गरमागरम.

या नियमानंच माझा घात केला.

२

क्वार्टरमध्ये आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिल-मेमध्ये स्लॅब असा तापायचा की झोपलेल्या माणसाची पाठ चादरीला चिकटायची. दिवसा झोपणाऱ्याचे तर हालच. त्यामुळं सिन्नर फाट्याच्या पलीकडं आमच्या प्लॉटवर बांधकाम निघालं, तेव्हा यांनी पहिल्या दिवशी जाहीर केलं, "भिंती कशाही बांधा. छत मी सांगीन तसं."

रविवारच्या पेपरात कुठंतरी वाचलं होतं. परदेशात म्हणे घरांवर माती टाकून गवत लावतात, घर गार राहतं. झालं! उंटावरच्या शहाण्याला उंट मिळाला. स्लॅबवर डांबर, त्यावर जाड प्लॅस्टिक, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर माती आणि त्यावर गवत. आणि वर कुणी जायचंच नाही तर जिना कशाला? म्हणून जिनाच बांधला नाही.

"आणि माझं वाळवण?" मी विचारलं. "कुरडया काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू?"

"घाल. तसंही माझ्या डोक्यावर तूच बसलेली असतेस."

मी बांबूची शिडी ढकलून दिली होती त्या दिवशी. कुणी तिच्यावर नव्हतं म्हणून बरं.

गवत पेठकडून आलं. तानुबाई नावाची मजूरबाई आणि तिच्या बरोबरची माणसं तिकडच्या डोंगरावरून ते मुळांसकट, चौकोनी तुकडे कापून ट्रकमधून घेऊन आली. जाजमासारखं दाट, गर्द हिरवं. हे खूश. "बघ, जनावरानं तोंडसुद्धा लावलेलं नाही!"

"का नाही लावलं?"

"तुझ्यासारखं तोंड असेल त्या डोंगराला. गुरं भिऊन पळाली असतील."

तानुबाई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, उगाच खोटं कशाला सांगू. तिला विचारलं तर ती म्हणाली, "नाय चरत ढोरं तिथं. काय जानू, का नाय." तिलाही ठाऊक नव्हतं, आणि विषय तिथंच संपला.

घर गार झालं, हे कबूल करते. नुसतं गार नाही, गप्प झालं. पावसाळ्यात बाहेर धो धो कोसळत असायचं आणि आत थेंबाचा आवाज नाही. कानात कापूस घातल्यासारखं वाटायचं. मला तर भाकरी थापतानाचा स्वतःचा आवाजही नको इतका मोठा वाटायचा. हे मात्र दिवसा असे झोपायचे की उठवून उठत नसत.

३

पुढच्या उन्हाळ्यात वाळवणाची वेळ आली, आणि मी चरफडत शेजारच्या लंकाबाईंच्या गच्चीवर गेले. त्यांचं घर दुमजली. पलंगभर प्लॅस्टिक पसरून कुरडया घालून झाल्या, कंबर सरळ केली आणि वरून आमच्या घराकडं पाहिलं.

गवतात पायवाट होती.

अगदी डोंगरात, शेतात असते तशी. रोज येऊन जाऊन पडलेली, टाचांनी दाबलेली, मधे मधे माती उघडी पडलेली. मागच्या भिंतीच्या कडेपासून सुरू व्हायची. त्या कडेखाली काही नाही, नुसती कोरडी भिंत आणि पलीकडं पडीक शेत. तिथून तिरकी येऊन छताच्या मध्याच्या जरा अलीकडं संपायची. आणि जिथं संपायची तिथलं गवत आडवं झालेलं, माणसाच्या लांबीएवढं.

"ताई, तुमच्या छतावर कोन येतंजातं हो?" लंकाबाईंनी मागून विचारलं. "मी लय दिस झाले बघतीय. म्हनलं साहेब पानी मारायला जात असतील."

पाणी हे खालूनच पाइपनं मारायचे. शिडी मागच्या पत्र्याच्या खोलीत, कुलपात. किल्ली माझ्या कमरेला.

मी मनाशी सगळं लावून पाहिलं. मांजर? मांजराची वाट एवढी रुंद पडत नाही. माकडं? फाट्यावर कुठली माकडं! पाण्यानं ओहोळ पाडला असेल? पण ओहोळ उताराला जातो, ही वाट चढाला येत होती. माझं डोकं असं आहे की कारण सापडलं नाही की तापतं. सरळ घरी आले, यांना जाब विचारायला. हे झोपलेले. नाइट करून आले होते. दाराला ओढणी बांधलेली मीच. गिळलं, आणि वाट पाहत बसले.

संध्याकाळी उठल्यावर म्हटलं, "अहो, तुमच्या त्या लाडक्या छतावर पायवाट पडलीय. कोण चढतं?"

"असेल," हे म्हणाले.

"असेल काय असेल? कुणीतरी घरावर चढतंय आणि तुम्ही असेल म्हणताय? अक्कल गहाण ठेवलीत का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत राग नाही, कंटाळासुद्धा नाही. "तू म्हणशील तसं," म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. कशाला आले होते तेही आठवेना.

४

त्यानंतर त्यांचा आवाज उतरतच गेला. भाजीत मी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. खाल्ली. पेपरचे तुकडे करून टीपॉयवर ठेवले, एक एक तुकडा उचलून वाचत बसले. नळ उघडा टाकला, तर उठून बंद केला आणि परत येऊन बसले. मी तोंडाला येईल ते बोलले, त्यांच्या आईवर गेले, बहिणीवर गेले. त्यांनी मान डोलावली.

आणि झोप! नाइट नसली तरी दुपारी जेवण झालं की त्याच खोलीत, त्याच पलंगावर. शेवटी रजाच टाकली.

डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तपासून म्हणाले, "बीपी उत्तम आहे. पूर्वी केवढं असायचं! काय केलंत वहिनी?" माझं अभिनंदन करायला निघाला होता मेला. कॉलनीतल्या जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या, त्याही तेच. "नशीब काढलंस गं ज्योत्स्ना, म्हातारपणी नवरा मऊ झाला." मी म्हटलं, मऊ व्हायला तो काय भात आहे? तुमचे नवरे करा मऊ, माझा मला होता तसा हवाय. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मला रडू यायला हवं होतं. मला राग येत होता. कुणीतरी माझ्या घरातली वस्तू उचलून नेत होतं, रोज थोडी थोडी, आणि सगळे मला घर किती मोकळं दिसतंय म्हणून सांगत होते.

५

एक दिवस लंकाबाईंच्या गच्चीवरून बघता बघता माझ्या ध्यानात आलं. ते आडवं झालेलं गवत यांच्या पलंगाच्या बरोबर वर होतं. खिडकी इथं, भिंत तिथं, म्हणजे पलंग तिथंच. डोकं पूर्वेला आणि पाय पश्चिमेला, तेसुद्धा तसंच.

खाली आले, यांना उठवलं आणि पलंग फरफटत दुसऱ्या भिंतीला नेला. 'का' म्हणून विचारलंसुद्धा नाही. नव्या जागी जाऊन झोपले.

आठवडाभर मी गच्चीवर गेले नाही. स्वतःलाच म्हटलं, ज्योत्स्ना, वेडी आहेस तू, ऊन लागलंय तुला. मग गेले.

वाट वळली होती. जुन्या जागेपर्यंत यायची आणि तिथून मोडून नव्या जागेकडं जायची. जुनं आडवं गवत परत उभं राहिलेलं, आणि पलंगाच्या नव्या जागेवर नवं आडवं.

डोकं भडकलं. भर दुपारी मागच्या खोलीतून शिडी काढली, खुरपं कमरेला खोचलं आणि साडीचा काचा मारून वर चढले. वारा अजिबात नव्हता. सगळं छत उन्हानं तापलेलं, गवताचा करपट वास. त्या आडव्या जागेशी जाऊन बसले आणि हात ठेवला. तिथं गार होतं, माठाच्या बुडासारखं.

खालून, उघड्या खिडकीतून, यांचं घोरणं ऐकू येत होतं. माझा हात तसाच गवतावर होता. घोरणं आत गेलं की हाताखालचं गवत जरासं खाली बसायचं. बाहेर आलं की वर यायचं. पुन्हा खाली. पुन्हा वर.

मी हात काढला नाही. घाबरून नव्हे. मला खात्री करून घ्यायची होती. खात्री झाली तशी मी खुरप्यानं त्याच्यावर सपासप घाव घातले आणि ज्या शिव्या मी कधी नवऱ्यालाही दिल्या नव्हत्या त्या दिल्या. "मुडद्या, माझ्याच घरावर येऊन झोपतोस? ऊठ!"

खाली घोरण्याची लय जराही चुकली नाही.

६

दुसऱ्याच दिवशी यांना घेऊन चांदवडला गेले, माझ्या भावाकडं. खंडेराव म्हणजे माझा थोरला. कांद्याच्या चाळी, अंगणात ट्रॅक्टर, घरावर पत्रे. त्या पत्र्यांवर कावळा बसला तरी कळायचं. मला बरं वाटलं. म्हटलं, इथं कोण येतंय ते निदान ऐकू तरी येईल.

कुणी आलं नाही. पण हेही परत आले नाहीत. जेवायला बसवलं की जेवायचे, अंथरूण घातलं की झोपायचे, दिवसभर ओसरीवर बसून कांदे निवडायला मदत करायचे. वहिनी म्हणाली, "दाजी किती गुणाचे झालेत." मी ताट आपटून उठले.

दादानं मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ज्योते, मला यातलं काय कळत नाय. पन एक सांगतो. ते सोंग घरावरून खाली काढ. माती, गवत, समदं. साधा स्लॅब ठेव. मग बघू."

मलाही तेच हवं होतं. सापाला मारायचं तर बिळापासून सुरुवात करावी. तानुबाईला निरोप धाडला. ज्या हातांनी चढवलं त्याच हातांनी उतरवा म्हटलं.

यांना दादाकडंच ठेवणार होते. पण मी निघाले तेव्हा हे काही न बोलता येऊन दादाच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसले.

७

सकाळी तानुबाई आणि दोन गडी आले. यांना मी अंगणात खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. गडी वर चढले. मागच्या कडेपासून, वाट सुरू होते तिथून, पहिली कुदळ पडली.

"अरे ए! कुणाला विचारून चढलात वर?"

आवाज यांचा होता. तोच, टर्बाइनच्या वरताण, तीन घरं पलीकडं जाणारा.

"बापाचं छत आहे का तुमच्या? ठेव ती कुदळ खाली! ज्योत्स्ना! कुठं उलथलीस? शिडी काढ यांची!"

गडी शिडीवरून उतरले नाहीत, कडेवरून उड्याच मारल्या. तानुबाई धावत माझ्याकडं आली. "बाय, सायेब वर कवा गेलं?" म्हणाली, आणि मग तिला खुर्चीवरचे हे दिसले. कपबशी हातात, चहा पीत. ती तोंडावर हात ठेवून मागं मागं सरकली.

मला काय झालं ते मी कसं सांगू? महिनोन् महिने मी त्या आवाजाची उपाशी होते. कुणी मला 'कुठं उलथलीस' म्हणेल म्हणून मी मीठ ओतलं होतं, पेपर फाडले होते. आणि तो आवाज वर होता, गवतात. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी खालून ओरडले, "अहो! अहो, मी इथंय!"

"इथंय तर दिसत का नाहीस? रोज घरभर मिरवतेस, कामाच्या वेळी गायब!"

माझ्या पदराला ओढ बसली. खुर्चीवरून यांनी पदर धरला होता. हळू, अगदी हळू आवाजात म्हणाले, "खणू दे."

"काय?"

"खणू दे, ज्योत्स्ना. थांबवू नकोस."

चांदवडहून आल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. शांत, ओले, गाईसारखे डोळे. हे डोळे माझ्या नवऱ्याचे नव्हते. माझा नवरा वर होता, तोंडानं बंब पेटवत होता, आणि हा कोण कुठला खुर्चीत बसून मला सांगत होता की त्याला खणून काढ!

मी पदर हिसकावून घेतला. तानुबाईला म्हटलं, "काम बंद. जा सगळे." आणि याला, साऱ्यांच्या देखत, दाराकडं बोट करून म्हटलं, "चालता हो माझ्या घरातून."

तो उठला. रागावला नाही. फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहिला, मयूर पुण्याहून येईपर्यंत. लंकाबाईंनी त्याला पाणी नेऊन दिलं.

८

मयूरनं खूप समजावलं. सून पूजानं फोनवर रडून पाहिलं. मी ऐकलं नाही. शेवटी तो बापाला घेऊन पुण्याला गेला, आणि आईचं डोकं फिरलंय हे सगळ्या नातेवाइकांत पसरलं. पसरू दे. मला त्यांचं काय पडलंय!

कारण मला माझा माणूस मिळाला होता. दुपारचं जेवण झालं की मी त्या खोलीत पलंगावर पडायची आणि वरून आवाज यायचा, "कूट जास्त झालंय आज."

"मग करा स्वतः!"

"करीन, करीन. तुझ्यापेक्षा बरंच करीन."

अशी सुरुवात व्हायची आणि तासन् तास चालायचं. नळ, पेपर, त्यांची बहीण, माझा भाऊ. त्यांना सगळं ठाऊक होतं. मयूरच्या बारशाला माझ्या आईनं आणलेलं टोपरं लहान झालं होतं, तेसुद्धा. मी शिडी लावून वर जायचा कधी विचार केला नाही. गच्चीवरून बघायलाही गेले नाही. बघून काय करायचं होतं? घरात आवाज होता. ज्या घरात भाकरी थापल्याच्या आवाजानंही दचकायला व्हायचं त्या घरात आवाज होता.

एक गोष्ट मधून मधून टोचायची. ते नवीन भांडण कधी काढत नसत. सगळी जुनी, पूर्वी झालेली, शब्द न् शब्द तसेच. मी नवीन काही बोलले, समजा लाइट गेल्याचं, पेन्शनच्या कागदांचं, तर वर गप्प व्हायचं. मग पुन्हा कूट. मी मनाशी म्हणायची, म्हातारपणी माणूस जुनंच उगाळतो, त्यात काय एवढं.

आणि एकदा लंकाबाई कुंपणाशी भेटल्या. म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? राग नका मानू. हल्ली तुमच्या घरातून आवाजच येत नाय. लय बरं वाटतं. किती शांत झालात तुम्ही."

"शांत?" मी म्हटलं. "अहो, रोज दुपारी घसा फुटेस्तोवर भांडते मी!"

"नाय हो," त्या हसल्या. "दुपारी तर मी इथंच, खिडकीशी निवडत बसलेली असते. चिडीचूप असतं."

कान तपासून घ्या म्हणावं, असं मनात आलं. पण तोंडातून निघालं, "असेल."

९

फोन दुपारीच आला. हॉलमध्ये भिंतीला लावलेला, त्या खोलीच्या दाराशीच. मी पलंगावरून उठून घेतला.

"आई!" मयूर. आवाजात हसू मावत नव्हतं. "आई, बाबा बरे झाले गं! काल सकाळपासून. आधी नुसतं पुटपुटत होते, आज तर... थांब, तूच ऐक."

त्यानं रिसीव्हर लांब धरला असावा. आणि पलीकडून, पुण्याच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून, किशोरचा आवाज आला.

"त्या मिक्सरनं कान किटले माझे! पूजा, तुझ्या माहेरी काय दगड दळतात का याच्यात? आणि लिफ्ट, लिफ्ट कधी दुरुस्त करणार रे तुमची सोसायटी? कुणाशी बोलतोयस? आईशी? दे इकडं! ती बया अजून त्या घरात काय करतेय? मी खणू दे म्हणालो होतो ना तिला? जीव तोडून म्हणालो होतो! बाहेर नीघ म्हणावं, चप्पल घालायलासुद्धा थांबू नकोस म्हणावं, जशी आहेस तशी नीघ!"

मिक्सर. लिफ्ट. एकही गोष्ट जुनी नव्हती.

रिसीव्हर कानाला दाबून मी उभी राहिले. मयूर बोलत होता, "आई? ऐकलंस ना? आई?" मी हळूच रिसीव्हर जागेवर ठेवला. कट् एवढाच आवाज झाला, पण त्या घरात तेवढाही पुरे होता.

"कुणाचा फोन?" वरून आलं. माझ्या डोक्याच्या बरोबर वरून. पलंगाच्या वरून नव्हे, आत्ता मी फोनपाशी उभी होते त्या जागेच्या वरून.

"राँग नंबर," मी म्हणाले.

"मग एवढा वेळ काय करत होतीस?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. जन्मभर दिलेलं होतं. 'तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकश्या, आपलं काम बघा.' ते खेकसून म्हणायचं आणि बोलता बोलता दाराशी जायचं, कडी काढायची, बाहेर पडायचं, एवढंच करायचं होतं. मी छाती भरून श्वास घेतला. आवाज चढवायला गेले. राग शोधला. जिथं तो असतो तिथं, छातीत, घशात, कपाळात, सगळीकडं हात घालून पाहिलं.

वर गवत खाली बसलं. मी श्वास सोडला तेव्हा वर आलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि किती गोड आवाजात.